आधी चालत होतं, मग आम्ही ते सुंदर केलं

वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये बटन नावाचा एक टॅग, म्हणजे पानावरचा भाग कसला आहे ते सांगणारी खूण, आहे. तो लिहिला की टॅब दाबत त्याच्यापर्यंत पोचता येतं, एंटर किंवा स्पेस दाबली की ते चालतं आणि स्क्रीन रीडर, म्हणजे अंध लोकांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, 'पाठवा, बटन' असं बोलून दाखवतो. यातल्या कशासाठीही वेगळी ओळ लिहावी लागत नाही. तरीही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कित्येक साइट्सवर बटनाच्या जागी डिव्ह, म्हणजे स्वतःचं काहीच काम नसलेला नुसता डबा, बसवलेला असतो. गोल कडा, सावली, माउस नेला की बदलणारा रंग, सगळा थाट असतो, फक्त ते बटन नसतं. टॅब त्याला ओलांडून पुढे जातो. स्क्रीन रीडरच्या लेखी तो नुसता मजकूर. मी तक्रार नोंदवली की कोणीतरी त्या डिव्हला 'हे बटन आहे' असं सांगणारा रोल लावतो, टॅब तिथे थांबावा म्हणून टॅबइंडेक्स लावतो, एंटरसाठी जावास्क्रिप्ट लिहितो आणि स्पेस विसरतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, दुसरं काय!

ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंगांसकट सगळ्यांना साइट वापरता येणं, हे जादा काम आहे, वेळ उरला तर करू, असं मीटिंगमध्ये ऐकून ऐकून माझे कान किटलेत. अहो, साधं एचटीएमएल पान बहुतेक सगळ्यांना वापरता येतंच. शीर्षकं, लिंका, लेबलं, बटनं यांत ती सोय मुळातच आहे. ती मोडायला मेहनत लागते आणि ती मेहनत आम्ही पगार घेऊन करतो.

विश्वास बसत नसेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह त्याच्या जोडीला आला, आणि आजही तो मोफत मिळतो. लोकांना वाटतं, स्क्रीन रीडर पान वरून खालपर्यंत वाचून दाखवतो आणि माणूस निमूटपणे ऐकत बसतो. तसं कोणी करत नाही. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तसा हा माणूस एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. एफ दाबला की फॉर्ममधली पुढची चौकट, बी दाबला की पुढचं बटन. डिझायनरने अक्षरं नुसती मोठी आणि ठळक करून त्यालाच शीर्षक म्हटलं असेल, तर एच दाबल्यावर पुढे शीर्षकच नाही असं उत्तर येतं. लिंकांची यादी काढावी तर 'अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा'. कशाबद्दल अधिक, ते मधल्या चित्रांना माहीत.

माझा एक सहकारी अंध आहे. त्याचा स्क्रीन रीडर ज्या वेगाने बोलतो, त्यातला एक शब्द मला कळत नाही. 'जरा हळू कर ना' म्हटलं की तो हसतो. त्याच्या शेजारी बसून एक नोंदणीचा फॉर्म तपासत होतो. एका चौकटीवर आला तर आवाज आला, 'एडिट, ब्लँक'. चौकटीच्या वर 'आडनाव' असं स्वच्छ लिहिलेलं मला दिसत होतं, पण ते लेबल कोडमध्ये चौकटीशी जोडलेलंच नव्हतं. आधीच्या चौकटीत नाव विचारलं होतं, म्हणून त्याने अंदाजाने आडनाव भरलं. सगळं भरून एंटर दाबलं. शांतता. 'गेला का?' त्याने विचारलं. गेला नव्हता. एका चौकटीला लाल कड आली होती, बस. काय चुकलं, कुठे चुकलं, अक्षरात कुठेच नाही. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्या डोळस माणसाचीही इथे तीच गत झाली असती. काय चुकलं ते सांगणारा संदेश चौकटीखाली शब्दांत लिहा, तो चौकटीशी जोडा आणि फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता जिथे चालतो ती जागा, तिथे न्या. काम एवढंच, पण बहुतेक फॉर्म इथेच बुडतात.

जन्मतारखेच्या कॅलेंडरवर माझा विशेष राग आहे. १९६० साली जन्मलेल्या माणसाने एकेक महिना मागे नेणारा बाण किती वेळा दाबायचा? हिशेब करा, सातशेच्या वर जातो. हात थरथरणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये जन्मतारखेला तीन साध्या चौकटी आहेत: दिवस, महिना, वर्ष. टाइप करा आणि मोकळे व्हा. दिसायला कंटाळवाण्या आहेत, मान्य. जन्मतारीख भरण्यात मजा यावी अशी अपेक्षा कोणाची असते, हे मला अजून कळलेलं नाही.

रंगांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे गणितच आहे. ॲक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक नियमांची २.० आवृत्ती २००८ साली आली, २.२ आवृत्ती २०२३ साली. त्यातल्या एए या मधल्या पातळीला नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा, हे तेव्हापासून तसंच आहे. पांढऱ्यावर ९९९९९९ हा लाडका करडा रंग २.८५ वरच अडकतो. ७६७६७६ घ्या, ४.५४ मिळतात. उन्हात मोबाइल बघणारा प्रत्येक जण दुवा देईल. फोकस कुठे आहे ते दाखवणारी रेघ काढून टाकण्याचंही तेच: 'क्लिक केल्यावर निळं काहीतरी दिसतं, बरं नाही वाटत.' फोकस-व्हिजिबल हा स्टाइलचा नियम वापरला की बटनांवर ती रेघ माउसवाल्यांना दिसत नाही, कीबोर्डवाल्यांना दिसते. वादच मिटला.

मग कोणीतरी साइट आपोआप तपासणाऱ्या लाइटहाउसचा हिरवा १०० गुणांचा आकडा दाखवतो. छान. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचं वर्णन, आहे की नाही, एवढं ते यंत्र सांगतं. तिथे 'आयएमजी २०३४' लिहिलंय आणि चित्रात खरं तर दरपत्रक आहे, हे त्याला कुठून कळणार? साइट एका फटक्यात ॲक्सेसिबल करून देतो म्हणणारी, कोपऱ्यात चिकटवायची ती विजेट्स तर विचारूच नका. अंध माणूस स्वतःचा स्क्रीन रीडर घेऊन आलेला असतो. त्याला तुमच्याकडून दुसरा नको असतो, जोडलेलं लेबल हवं असतं.

एवढं सगळं मांडल्यावर प्रश्न येतोच, 'पण आपल्याकडे असे लोक किती येतात?' ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर कोण येतं त्याची आकडेवारी, उघडलं जातं. ब्राउझर, देश, मोबाइलचं मॉडेल, सगळे रकाने आहेत. स्क्रीन रीडरचा नाही, कारण ब्राउझर ती माहिती साइटला देतच नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्याला दिसत नाही हे दर साइटला का कळावं? रकान्यात दिसतात ते फॉर्म अर्धवट टाकून गेलेले लोक. त्यांच्यासाठी परवा काय ठरलं, तर फॉर्मच्या डोक्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा एक मोठा फोटो टाकायचा. त्याचं ऑल्ट टेक्स्ट काय ठेवू, असं मला विचारायला आले. शोभेच्या चित्राला नियमाप्रमाणे जे द्यायचं तेच सांगितलं: रिकामं ठेवा.