तुम्ही विचारलंत म्हणून: आधी वाचायचं की आधी लिहायचं?

"ताई, तुम्ही एकही रहस्यकथा न वाचता रहस्यकथा लिहिलीत म्हणे. मग आम्ही तरी आधी का वाचायच्या?" सांगलीत कथेच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेले की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा माझ्याकडून सुट्टी हवी असते. काही जण हेच कपाळाला आठ्या घालून विचारतात. दोघांनाही एकदाच सांगते.

नव्हत्या वाचल्या, हे खरं. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या हे ऐकून होते. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड नावानं माहीत होते, तेवढंच. हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहायचे आणि मला माहीत होतं ते पेव. सांगलीजवळच्या हरिपूरच्या घट्ट मातीत हळद साठवायला खोल खणलेलं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत हवा खेळत नाही म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकते, आणि त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर उतरलेला माणूस गुदमरून मरतो. म्हणून तोंड काही तास उघडं ठेवतात, कंदील दोरीनं आत सोडतात. विझला तर कुणी उतरत नाही.

माझ्या कथेत सगळं आयुष्य पेवांवर काढलेला हमाल आत मरतो. लोक म्हणतात, घाई केली. खरं तर दुकानाच्या दिवाणजीनं त्याला सांगितलेलं असतं, "कंदील मी सोडून बघितलाय, जळतोय." एवढ्या एका वाक्यात खून. आणि आपल्याला ही कथा सांगत असतो तो दिवाणजीच.

कथा दिवाळी अंकात आली. त्यानंतर एकदा एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर अंक घेऊन दुकानात आले. तरुणपणापासून भाड्यानं आणून रहस्यकथा वाचणारे.

"पेव एकदम बरोबर उतरलंय, ताई. माझा चुलता पेवावरच होता." मग त्यांनी पेन्सिलनं खूण केलेली ओळ दाखवली: 'त्या दिवशी मी हरिपूरला गेलोच नाही.'

"हे कोण बोलतंय?"

"दिवाणजी."

"कुणाशी?"

मी गप्प.

"पोलिसाशी बोलला असता तर चाललं असतं. इथं तो माझ्याशी बोलतोय. मी एवढी वर्षं खुनी हुडकतोय. हरलो तर हरलो, पण डाव खरा पाहिजे."

"काका, ज्यानं एका वाक्यात माणूस मारला, तो तुमच्याशी खरं का बोलेल?"

"तो नाही बोलणार. तुम्ही बोलायला पाहिजे."

अंक टेबलावर ठेवून ते गेले. न्यायला परत आले नाहीत. कथेवर नावं ठेवणारे मला पुष्कळ भेटलेत, त्यांचं फारसं काही वाटत नाही. या माणसानं मात्र प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवून वाचलं होतं.

मग मी वाचायला बसले. कथा सांगणाराच खुनी, हे अगाथा ख्रिस्तीनं 1926 मध्येच केलेलं होतं. तिचा निवेदक बरंच गाळतो, पण जे सांगतो ते शब्दशः खरं असतं. 1928 मध्ये एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन रहस्यकथाकारानं या कथांचे वीस नियम लिहिले. गुन्हेगार शोध घेणाऱ्याला फसवतो त्यापलीकडे लेखकानं वाचकाला फसवू नये, हा त्यातला एक. काकांनी हे नियम कधी पाहिले असतील असं वाटत नाही. वाचून वाचूनच ते त्यांच्या अंगात भिनले होते, आणि मी ज्यांच्यासाठी लिहीत होते ते सगळे असेच, माझ्यापेक्षा जास्त वाचलेले होते.

'कुठल्याच पुस्तकानं मला पेव दिलं नसतं,' असं मी पूर्वी व्यासपीठावरून ठासून सांगायचे. त्या बाईशी मी आता मनात भांडते. पेव हरिपूरनं दिलं, मान्य. पण दिवाणजीच्या तोंडून गोष्ट सांगायची, हे कुठे हरिपूरनं दिलं होतं? त्यावर तीही मला सुनावते: आधी वाचलं असतंस तर 'निवेदकच खुनी? झालंय हे' म्हणून ती कथा सुचताक्षणीच टाकून दिली असतीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाचायला लागल्यावर बराच काळ मला काहीच लिहिता आलं नव्हतं. सुचेल तो खून कुणीतरी आधीच करून ठेवलेला असायचा.

तरीही माझं नाव पुढं करून वाचन टाळणाऱ्यांचा मला राग येतो. माझ्याकडे पेव होतं. तुमच्याकडे काय आहे, ते आधी सांगा.

आता संग्रहाची प्रुफं समोर आहेत. 'त्या दिवशी हरिपूरला माझं काही काम नव्हतं' एवढा बदल केला की खोटं उरत नाही आणि वाचक फसतो तो फसतोच. ही युक्ती मला वाचूनच आली. करून पाहिली. दिवाणजी एकदम खूप वाचलेल्या माणसासारखा बोलायला लागला. तो तसा नाही. तो घाबरलेला आहे आणि भेटेल त्याच्याशी खोटं बोलतोय. वाक्य मी होतं तसंच ठेवलंय. काकांना ते पुन्हा पटणार नाही, आणि त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.