मदरबोर्ड बदलावा लागतो का, एवढे आधी पाहावे

२०१८ च्या अखेरीस मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून एकेक भाग निवडून जोडून घेतलेला माझा संगणक आजही बिनतक्रार सुरू होतो, आणि खरी अडचण तीच आहे. तो बंद पडला असता, तर जुना सुधारावा की नवा घ्यावा, हा निर्णय सोपा झाला असता. रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, सर्व भाग ज्यावर जोडले जातात तो बी४५० मदरबोर्ड, आठ जीबीची एकच रॅम स्टिक, जीटीएक्स १०६० हे सहा जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, असा हा संच आहे.

यात सर्वांत आधी थकले ते कार्ड. २०१६ साली बाजारात आलेल्या या कार्डात रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्यासाठी, स्वतंत्र हार्डवेअर नाही, आणि ‘डूम: द डार्क एजेस’सारख्या २०२५ मधील खेळांना ते सक्तीचे आहे, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणले तरी तिथे उपयोग होत नाही. शिवाय या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून आता केवळ सुरक्षेपुरती अद्यतने मिळणार आहेत.

तरीही कार्डाला दोषी ठरवण्यापूर्वी तपासणी करणे आवश्यक आहे. खेळ सुरू असताना कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर अडवणूक कार्डाचीच आहे; परंतु तो साठ-सत्तर टक्क्यांवर घुटमळत असेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढत नसतील, तर कार्डाला काम पुरवण्यात प्रोसेसर किंवा रॅम कमी पडत आहे, असे समजण्यास हरकत नाही. माझ्याकडे बहुतेक खेळांत पहिला प्रकार दिसतो, मात्र गर्दीच्या शहरांत फिरायचे खेळ दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्याला एकुलती एक रॅम स्टिकही कारणीभूत आहे, कारण दोन स्टिक असल्यावर मिळणारी ड्युअल चॅनलची दुप्पट बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहून नेण्याची क्षमता, इथे मिळतच नाही.

दुरुस्तीचे क्षेत्र कुठवर पसरते, हा खरा हिशोब आहे. मदरबोर्डला हात लावावा लागला, की नवा सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), त्यासाठी नवा प्रोसेसर आणि बहुधा नव्या पिढीची डीडीआर५ रॅम अशी साखळी सुरू होते, आणि मग आपण जुना संगणक सुधारत नसून जुन्या कॅबिनेटमध्ये नवा संगणक बांधत असतो. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली, त्यामुळे या साखळीचा खर्च आणखी जड झाला आहे. माझ्या बोर्डला लागणारी जुन्या पिढीची डीडीआर४ देखील महागलीच, पण तिथे मला आठ जीबीची एकच स्टिक वाढवायची आहे.

माझ्या बोर्डवरचा, एएमडीच्या रायझन प्रोसेसरांसाठीचा एएम४ सॉकेट निवडल्याचा लाभ इथे होतो. बायॉस, म्हणजे मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केले की याच बोर्डवर २०२२ मधील रायझन ५ ५६०० बसतो. हे अद्यतन मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच करावे लागते, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच राहण्याचा धोका असतो. इंटेलच्या सातव्या पिढीचा संगणक घेतलेल्यांना अशी सोय नाही. आठव्या पिढीचा प्रोसेसर दिसायला त्याच सॉकेटचा, पण त्याला ३०० मालिकेचाच मदरबोर्ड हवा. त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या सातव्या पिढीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर नाहीत. अशांनी सुधारणेवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा २६०० त्या यादीत आहे.

खर्च करताना मी आणखी एक कसोटी लावतो: घेतलेली वस्तू पुढच्या संगणकात जाईल का? कार्ड, एसएसडी आणि पॉवर सप्लाय जातील. डीडीआर४ रॅम आणि एएम४ प्रोसेसर जाणार नाहीत. म्हणून मोठी रक्कम पहिल्या गटावर घालायची आणि दुसऱ्यावर हात आखडता घ्यायचा. कार्ड निवडताना बोर्डाचे वयही लक्षात घ्यावे लागते. बी४५० वर कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाची जुनी, ३.० ही आवृत्ती आहे, आणि आरटीएक्स ४०६० सारखी कार्डे त्या मार्गाच्या आठच लेन वापरतात, त्यामुळे कार्डाची आठ जीबी मेमरी भरून ओसंडू लागली की जुन्या बोर्डवर त्यांची गती अधिकच मंदावते. सोळा लेन आणि सोळा जीबी असलेले आरएक्स ९०६० एक्सटी मला म्हणूनच अधिक योग्य वाटते.

तेव्हा संगणक बदलायचा नाही, असे ठरले आहे. आधी पॉवर सप्लाय बदलेन, कारण मुंबईच्या दमट हवेत आणि धुळीत इतकी वर्षे चाललेल्या सप्लायवर नवे महागडे कार्ड लावण्याचे धाडस मला होत नाही. त्यानंतर कार्ड आणि रॅमची दुसरी स्टिक येईल. प्रोसेसरचा विचार त्यानंतर पुन्हा एकदा कार्डाचा वापर मोजून करेन. तोपर्यंत ५६०० वापरलेल्या मालात स्वस्तात मिळाला, तर उत्तमच.