तात्या चार मिनिटं गप्प होते

रविवार, रात्रीचे साडेअकरा. लाइट दोनदा जाऊन आली, उद्या ऑफिस आहे, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून बसलेय.

दुपारी तात्यांना ती कविता वाचायला दिली. तात्या म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले, भुसावळात अर्धी गल्ली रेल्वेचीच असते तसे तेही, मालगाडीवर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आता लोको पायलट म्हणतात पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणवून घेतात. कागदावर आठ ओळी, खाली कवीचं नाव नाही. त्यांनी चष्मा पुसला, ओळीखाली बोट धरलं, पुटपुटत वाचली, मग कागद मांडीवर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मी घड्याळ लावलं नसतं तर मला वाटलं असतं अर्धा तास गेला. चार मिनिटं. वहीत मी एवढंच लिहिलं, "चार मिनिटं काही बोलले नाहीत."

ही वही दिवाळीपासून चालू आहे. लोक कविता वाचतात तेव्हा त्यांचं नेमकं काय होतं ते लिहून ठेवायचं, बस. तात्या तेविसावे. सगळ्यांना कविता एकच, बालकवींची 'औदुंबर'. ती निवडली कारण आठच ओळी आहेत, एकही अवघड शब्द नाही, आणि तरी कुणालाच ती पूर्ण हातात आली असं वाटत नाही. ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन झरा वाहतो, पलीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळे, एक पांढरी पायवाट काळ्या डोहाकडे जाते, आणि शेवटी "पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर". संपली. कुणी काही करत नाही, कुणी काही बोलत नाही.

नाव न सांगता द्यायची ही कल्पना माझी नाही. आय. ए. रिचर्ड्स नावाचे केंब्रिजचे प्राध्यापक, त्यांनी 1920 च्या दशकात विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता वाटल्या, वाचा आणि काय वाटतं ते लिहून आणा म्हणाले, आणि तेरा कवितांवर आलेलं ते सगळं लिखाण घेऊन 1929 मध्ये पुस्तक काढलं, 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'. एमएला असताना त्यातले थोडेच भाग अभ्यासाला होते पण माझ्या डोक्यातून ते कधी गेलं नाही, की बाबा, कविता चांगली का वाईट हे सांगणारे खूप आहेत, वाचणाऱ्या माणसाचं काय झालं हे कुणी लिहून ठेवतं का? रिचर्ड्सने अडथळ्यांची एक यादीच दिलीय. साधा अर्थच न लागणं, ठरलेल्या छापाच्या प्रतिक्रिया, उगाचचा गहिवर, आपल्या श्रद्धा मध्ये येणं, आणि त्यात एक असा की वाचकाला स्वतःच्या आयुष्यातलं भलतंच काहीतरी आठवतं आणि तो कवितेपासून लांब जातो. या शेवटच्यावर माझं त्यांच्याशी अजिबात जमत नाही. का ते पुढे लिहिते.

सुरुवातीला मी वहीत कॉलम आखले होते. तारीख, वय, मनात वाचली की मोठ्याने, किती वेळ, आवडली का, अर्थ काय लागला. पहिल्या पाच जणांनंतर शेवटचे दोन कॉलम सोडून दिले. कारण "अर्थ काय लागला" म्हटलं की माणूस एकदम शाळेत जाऊन बसतो. आवाज बदलतो, पाठ ताठ होते, "कवीने येथे निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे" असं पुस्तकी बोलायला लागतो, ज्याने आत्ता दोन मिनिटांपूर्वी शेजारच्याला मस्त शिवी घातली होती तोसुद्धा. आमच्या इथे वायरिंग करायला येणारा मुलगा तर म्हणाला, "ताई, मला कविता समजत नाही, आधीच सांगतो." कागद हातात घ्यायच्या आधी! मला फार वाईट वाटलं. माझ्या स्वतःच्या वर्गातही एक शिक्षक होते, कवितेच्या ओळीचा त्यांच्यापेक्षा वेगळा अर्थ सांगितला की उभं करायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, तुला कवीने फोन केला होता का. त्या तासाला आमच्यातल्या किती जणांची कविता कायमची सुटली असेल.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते. कुठे थांबलात?

या प्रश्नाला कुणी घाबरत नाही. थांबलो तर थांबलो, त्यात चूक काय. वायरिंगवाल्या मुलानेही मग वाचली आणि म्हणाला, "'गोड काळिमा' इथे थांबलो, काळिमा गोड कशी असेल?" आणि स्वतःच थोड्या वेळाने, "उन्हाळ्यात विहिरीत उतरलं ना ताई, की खालचं पाणी काळं दिसतं पण गार लागतं, तसं असेल." आणि पिशवी उचलून गेला. कविता समजत नाही म्हणे!

तेवीसपैकी नऊ जण "असला" वर थांबले. हे मला आधी माहीत नव्हतं, म्हणजे समीक्षकांनी या शेवटच्या ओळीवर भरपूर लिहिलंय ते माहीत होतं, पण पुस्तक न वाचलेली माणसंही बरोब्बर तिथेच अडखळतात हे वहीमुळे कळलं. असला म्हणजे असा, की असला म्हणजे असावा? समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू गुरुवार करतात, त्यांच्यासाठी औदुंबर म्हणजे दत्तगुरूच, त्यांनी शेवटची ओळ वाचताना नकळत हात जोडले आणि मग म्हणाल्या, "पण पाय पाण्यात टाकून बसलाय म्हणजे दमला असेल गं." देव दमलाय! रिचर्ड्सच्या यादीप्रमाणे ही श्रद्धा मध्ये आली. मला तर वाटतं त्या श्रद्धेशिवाय काकूंना तो दमलेला दिसलाच नसता.

भाचा दहावीला आहे. त्याला रसग्रहण लिहायचं असतं त्यामुळे तो आधी विचारत होता किती मार्कांसाठी. मार्क नाहीत म्हटल्यावर वाचली आणि म्हणाला, "मावशी हा ड्रोन शॉट आहे." आधी वरून झरा, बेटं, मग लांब गाव, मग शेतं, मग कॅमेरा पायवाट पकडतो आणि तिच्या मागे मागे डोहापर्यंत खाली येतो, आणि थेट पायांवर येऊन थांबतो. आणि रंगही बघ म्हणाला, निळासावळा, मग हिरवा, पांढरा, मग काळा. मी ही कविता वीस वर्षं वाचतेय, मला हे कधी दिसलं नव्हतं. हे पेपरात लिही म्हटलं तर म्हणाला, "असं नाही लिहायचं गं."

श्टुटगार्टला असते त्या मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता. तिने ट्राममध्ये वाचली आणि व्हॉइस नोट पाठवली, चाळीस सेकंदांची, त्यातले पहिले पंधरा सेकंद नुसता ट्रामचा आवाज. मग "पैल शब्द किती वर्षांनी वाचला गं मी." तेवढंच. ते पंधरा सेकंद पण मी वहीत लिहिलेत.

आत्याचं पान मात्र वेगळं आहे. आत्याला वाचता येत नाही. आत्याचं माहेर आसोद्याचं, बहिणाबाईंचंच गाव, त्यामुळे कविता म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर पुस्तक येतच नाही, बाई येते. मी तीनदा म्हणून दाखवली. तिसऱ्यांदा ती माझ्याबरोबर म्हणायला लागली, शब्द थोडे पुढेमागे होत होते पण चाल पक्की, आणि मान हलत होती. मग म्हणाली, "चांगली हाय, पन एवढं पानी कुठून आनलं त्यानं, आपल्याकडे तं नदी उन्हाळ्यात कोल्डी पडते." आणि मग स्वतःच 'खोप्यामधी खोपा' सुरू केलं, ते संपेपर्यंत मला मध्ये बोलू दिलं नाही. आता वहीत काय लिहायचं, हिने कविता वाचली की नाही? बहिणाबाईंनाही लिहितावाचता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून त्या गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं. मी आत्याच्या पानावर "वाचली" असंच लिहिलंय.

आणि हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ, त्यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव पण टिपलं, हे मला कायम थोर वाटत आलंय. माझी वही त्यापुढे केवढीशी. पण तसंच काहीतरी आहे हे, फक्त दुसऱ्या टोकाचं, म्हणणारीऐवजी ऐकणारी, वाचणारी माणसं.

आता तात्या.

चार मिनिटांनंतर मी विचारलं, "तात्या, कुठे थांबलात?" त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, "इथे. हा माणूस मी बघितलाय." म्हणाले, पहाटेची गाडी घेऊन वाघूरच्या पुलावरून जाताना खाली एक माणूस दिसायचा, पाय पाण्यात सोडून बसलेला. कधी म्हातारा, कधी पोरगा, दरवेळी वेगळा असणार, पण मला तो एकच वाटायचा. वर एवढी मोठी गाडी धडधडत चाललीय तरी तो मान वर करायचा नाही. "असला कोणीतरी असतोच बघ." असला! नऊ जण अडखळले त्या शब्दावरून तात्या सरळ चालत गेले. आणि बोलताना ते इतके शांत दिसत होते, चेहरा सैल पडला होता, मी त्यांना असं फार कमी वेळा बघितलंय.

मग त्यांनी विचारलं, "लिहिली कोणी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. किंवा फक्त नाव सांगायचं. पण मी उत्साहात सगळं सांगितलं, की बालकवी, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपल्या धरणगावचे, 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना बालकवी म्हणायला लागले तेव्हा ते सतरा वर्षांचे पण नव्हते, आणि 5 मे 1918 ला, सत्तावीस वर्षांचे असताना, भादली स्टेशनजवळ गाडीखाली गेले.

भादली. तात्या भादलीवरून हजारो वेळा गेलेत.

त्यांनी कागद परत उचलला आणि पहिल्यापासून वाचला, या वेळी मनात. मी परत विचारलं, कुठे थांबलात. तर बोट आता वर गेलं होतं. पायवाट पांढरी, अडवी तिडवी पडे. म्हणाले, "पायवाट. रुळावरून आडव्या पायवाटा जातात ना, तिथेच येतात माणसं." मग बराच वेळाने, "त्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव लिहिलंय का कुठे?"

मला काय बोलावं कळेना. बालकवींच्या मृत्यूबद्दल मी कितीतरी वाचलंय, हळहळलेय, आणि त्या इंजिनात कुणी माणूस उभा होता हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. तात्या सांगत होते की लोड असली की इमर्जन्सी ब्रेक लावूनसुद्धा गाडी पाऊण-एक किलोमीटर पुढे जाते, आपल्याला दिसत असतं आणि आपण काही करू शकत नाही, हॉर्न तेवढा दाबून धरायचा. त्यांच्या नोकरीत असं सात वेळा झालं. सातही जागा त्यांना किलोमीटरच्या खांबासकट पाठ आहेत. हे त्यांनी मला आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं, त्यांच्या बायकोलाही सगळं सांगितलंय की नाही माहीत नाही. आठ ओळींच्या कवितेतून हे बाहेर आलं.

रिचर्ड्स म्हणतील ही भलती आठवण, कवितेत रूळ कुठेयत? नाहीतच. पण तात्यांनी कविता चुकीची वाचली असं मी मेले तरी लिहिणार नाही. ती पायवाट काळ्या डोहाकडेच जाते, हे कवितेतच आहे, आणि आपण सगळे ती सुंदर म्हणून बघत होतो. माझी खंत वेगळी आहे. पुलाखालचा तो पाय सोडून बसलेला माणूस तात्यांना आधी मिळाला होता, आणि मी नाव आणि तारीख सांगून त्याच्या जागी दुसरा माणूस आणून उभा केला. संध्याकाळभर तेच डोक्यात. स्वयंपाक करतानाही तेच.

आठच्या सुमारास लाइट गेली होती तेव्हा दार वाजलं. तात्या, हातात टॉर्च. मला वाटलं मेणबत्ती वगैरे हवीय. तर म्हणाले, "पोरी, तो कागद अजून एक दे. मोठ्या अक्षरात काढ, हिला बारीक दिसत नाही. मी वाचून दाखवीन म्हणतो, पण तिने स्वतः वाचलेली बरी."

मी म्हटलं, तात्या, मी तुम्हाला ते सगळं सांगायला नको होतं.

"ते राहू दे," म्हणाले. "फक्त खाली नाव नको टाकू. तिला आधी तो बसलेला दिसू दे."

लाइट आल्यावर वीसच्या फॉन्टमध्ये प्रिंट काढली. वहीत तात्यांची दोन पानं केलीत, तेवीस आणि तेवीस अ. पहिल्यावर 'असला', दुसऱ्यावर 'पायवाट'. चोविसावं पान तात्यांच्या बायकोसाठी सोडलंय, उद्या सकाळी ऑफिसला जाताना कागद देऊन जाईन.