एप्रिलअखेरचे रंग

आज भरती संध्याकाळकडे होती, म्हणून चारलाच नवी मुंबईत नेरूळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर जाऊन बसले. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की रोहित (फ्लेमिंगो) इकडे येतात, त्यामुळे फोटोची वेळ ठरवते ती भरती.

पण आज कॅमेरा गॉडविटांवरच राहिला, म्हणजे लांब चोचीच्या, हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पाणपक्ष्यांवर. डिसेंबरात इथेच टिपले तेव्हा नुसते मातकट राखाडी होते. आता मान आणि छाती भाजलेल्या विटेसारखी तांबूस! उत्तरेकडे विणीला निघायचा पोशाख हा. काही अजून अर्धवटच रंगलेत, आणि मला तेच जास्त आवडले. काठावरचा वंचकही (छोटा, बगळ्यासारखा पक्षी) बदलतोय, पाठीवर गडद मरून चढू लागलाय. रोहितांची करडी पिल्लं मात्र गुलाबी व्हायला अजून काही वर्षं घेतील. तो रंग खाण्यातल्या शेवाळातून येतो.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला. ही पाणथळ त्याच्या हद्दीबाहेर आहे, पण भरतीला पक्षी विसावतात ते इथेच. ती भरावानं बुजता कामा नये.

फोटोसाठी थवा उडवू नका, कृपया. लांबच्या प्रवासाआधी त्यांना पोटभर खायचं असतं.

जूनमध्ये गायबगळ्यांची केशरी पिसं टिपायला जाणार आहे. कुणी येतंय का?