आमची वाटचाल : डायनामोपासून एका बटणापर्यंत

आज आमच्याकडे जी कामं येतात, त्यांचं मूळ आमच्याच गाडीच्या डॅशबोर्डवरच्या एका कोऱ्या झाकणीत आहे. पण आधी अण्णांचं सांगतो.

अण्णांनी 1989 साली नाना पेठेत दहा बाय बाराच्या गाळ्यात डायनामो आणि सेल्फचं वाइंडिंग सुरू केलं. ऑटो इलेक्ट्रिशियनला तेव्हा लागायचं काय, तर टेस्टर बल्ब, पक्कड आणि काळी टेप. शाळा सुटली की मी आर्मेचरवरची (डायनामोच्या आतल्या फिरत्या गाभ्यावरची) जळकी तार उकलत बसायचो. पुढे हडपसरला आलो. स्टिरिओ, रिव्हर्स हॉर्न, फॉगलॅम्प, मिळेल ते केलं. त्या वर्षांत सांगण्यासारखं फारसं नाही, पोट भरलं.

मग गाड्यांत कॉम्प्युटर आले. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि वायरला हात लावायचीच भीती बसली. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, तुम्ही नको, कंपनीतच नेतो." खोटं कशाला बोलू, त्याचं चुकत नव्हतं.

त्याच सुमारास आम्ही जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतली. सात-आठशे किलो बॅटऱ्या घालून जेजुरीच्या एमआयडीसीकडे जाताना दिवे घाटात तिचा जीव जायचा. मस्तानी तलाव खाली दिसू लागला की गिअरबॉक्सची घालमेल सुरू : तिसरा, चौथा, परत तिसरा. दर वेळी टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) लॉक सुटायचं, आतलं तेल घुसळून तापायचं. उतरताना उलटं. वरचा गिअर धरून गाडी मोकळी सुटायची आणि सगळा भार ब्रेकवर.

याच गाडीच्या वरच्या मॉडेलला ओझ्यासाठी वेगळ्या मोडचं बटण होतं. आमच्यात त्या जागी प्लॅस्टिकची झाकणी. ती उचकटली तर मागे कपलर (वायरी जोडायचा सॉकेट) नाही, वायर नाही. पण वायरिंगच्या नकाशात कॉम्प्युटरच्या कपलरला त्या बटणाची पिन दाखवलेली होती, आणि आमच्या कपलरमध्ये त्या पिनेचं घर रिकामं होतं. पिनचा नंबर मुद्दाम देत नाही. प्रत्येक गाडीत तो वेगळा असतो आणि आमचा बघून कुणी स्वतःचा कॉम्प्युटर जाळायला नको.

रविवारी दुकान बंद ठेवून बसलो. टेस्टर बल्ब खणात टाकला. पाच वॅटचा बल्ब चारशे मिलिअँपिअर ओढतो, सिग्नलच्या पिनेला ते झेपत नाही. पिनेवर लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची पट्टी) बसवून मल्टीमीटर लावला : इग्निशन चालू, बारा व्होल्टच्या आसपास. मीटरमधूनच अर्थिंग दिलं तर दहा-बारा मिलिअँपिअर, आणि गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्कॅनरवर स्विचची स्थिती 'बंद'ची 'चालू' झाली. म्हणजे कॉम्प्युटर ऐकत होता. ती ओळ हलली नसती तर काम तिथेच सोडलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये सोय उघडलेली नसेल तर बटण नुसतं शोभेचं.

एवढं करूनही घोळ घातलाच. तपकीर गल्लीतून आणलेला खटक्याचा स्विच बसवला. मोड लागला, मी खूश. हडपसरच्या पुलापर्यंत जातो तोच चेक लाइट. या कॉम्प्युटरला घराच्या दिव्याचं बटण नको होतं, दारावरच्या बेलचं हवं होतं, दाबून सोडायचं. माझा स्विच दाबलेलाच राहिला, त्यानं तो अडकलाय असं धरून फॉल्ट नोंदवला. अण्णा तोवर खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "बेल वाजवून बोट तिथंच ठेवलंस, तर आतला माणूस चिडणारच."

बेलसारखं बटण बसवल्यावर घाट बदलला. चढावर गाडी तिसरा धरून एका सुरात जाते, उतारावर ब्रेकला पाय लागला की स्वतः खालचा गिअर घेते. ताकद वाढत नाही, कुणी तसं सांगून पैसे घेत असेल तर देऊ नका. मोकळ्या गाडीला तर हा मोड लावूच नये, उगाच डिझेल जातं.

सासवडच्या एका नर्सरीवाल्यानं आमची गाडी बघून काम सांगितलं, मग त्याच्या मेव्हण्यानं. आज निम्मी कामं अशीच : वरच्या मॉडेलला असलेली आणि खालच्याला नसलेली बटणं. मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापायचा नाही, रिकाम्या घरात लग घालायचा, जोड क्रिम्प करून (दाबून पक्का करून) वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. वॉरंटी चालू असेल तर आम्ही हात लावत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे आरसीवरची माहिती बदलेल असं कुठलंच काम घेत नाही. ज्यांना स्वतः बसवायचं त्यांना वायर, लग, बटण आणि हातानं काढलेला नकाशा पिशवीत घालून देतो. पहिल्या वर्षी अशा पिशव्यांपैकी दोन परत आल्या. एकानं लग उलटा घातला होता, दुसऱ्याला गाडीच विकायची होती.

काढलेली झाकणी आम्ही गिऱ्हाइकाला परत देतो. आमच्या गाडीची मात्र अण्णांनी ठेवून घेतली. गल्ल्यातल्या सुट्या नाण्यांवर ती झाकण म्हणून बरोबर बसते.