आधी नाव विचारा

बारावी झाली की कोकणातली मुलं मुंबई-पुण्याला, नाहीतर लोणेरे, दापोली, रत्नागिरीच्या वसतिगृहात जातात. घरचे रॅगिंगची चौकशी करतात, मेसच्या जेवणाची करतात. ‘बायबल अभ्यासाला येशील का?’ या प्रश्नाबद्दल मात्र कोणी काही सांगून ठेवत नाही. वसई, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या ख्रिस्ती घरांत तर हा प्रश्न आपलाच वाटतो आणि तिथेच, नाव लपवून मुलं ओढणाऱ्या गटांकडून, फसगत होते. १९८४ मध्ये दक्षिण कोरियात सुरू झालेली शिंचोनजी ही चळवळ मुख्यतः आधीपासून चर्चला जाणाऱ्यांनाच गाठते. ज्याला वचनं पाठ आहेत, त्याला पहिल्यापासून शिकवावं लागत नाही.

बायबल अभ्यासात वाईट काहीच नाही. पॅरिशचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, युवक गट, कॉलेजांतली प्रार्थना मंडळं वर्षानुवर्षं उघडपणे चालतात, आणि श्रद्धा निवडण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ ने दिलेला आहे. आक्षेप आहे तो नाव लपवण्याला आणि माणसाचा वेळ हळूहळू ताब्यात घेण्याला.

सुरुवात बहुधा कॅन्टीनबाहेर होते. दोघं येतात, मोबाइलवर छोटा सर्व्हे भरून घेतात. पहिले तीन प्रश्न अभ्यासाचे, चौथा ‘घरापासून लांब एकटं वाटतं का?’, आणि शेवटी नंबर. सर्व्हे त्या नंबरसाठीच असतो. संध्याकाळी मेसेज येतो, दोन दिवसांनी चहा, आठवड्याने वर्ग. काही ठिकाणी धर्माचा उल्लेखही नसतो. दक्षिण कोरियातल्या जुंग म्युंग-सोक याच्या प्रॉव्हिडन्स या धार्मिक गटाने विद्यार्थ्यांना खेळ, नृत्य, मॉडेलिंगच्या क्लबांतून ओढलं. २००९ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराबद्दल त्याची १० वर्षांची शिक्षा कायम केली. सुटल्यावर तशाच गुन्ह्यांसाठी तो पुन्हा तुरुंगात गेला.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुमच्या संस्थेचं पूर्ण नाव काय? संस्थापक कोण? हा अभ्यास किती महिने चालणार? मी घरी आणि माझ्या फादरना सांगितलं तर चालेल ना? उघड गट तिथल्या तिथे उत्तर देतो. ‘आम्ही फक्त बायबल मानतो, नावात काय आहे’ हे उत्तर नव्हे. ‘इतक्यात कोणाला सांगू नकोस, ते गोंधळ करतील’ असं ऐकू आलं की उठा. शिंचोनजीचे वर्ग कित्येक महिने चालतात आणि संस्थेचं नाव पुष्कळदा बरंच शिकवून झाल्यावर कळतं. तोवर मैत्री इतकी जमलेली असते की उठणं जड जातं.

आधीच आत असाल तर वही घ्या आणि आठवड्याचे तास लिहा. वर्ग, प्रार्थना, फोन, नवीन मुलं आणण्याची कामं, सगळं धरा. अभ्यासाच्या तासांपेक्षा हा आकडा मोठा झाला, सबमिशन राहू लागली, किंवा गणपतीला, नाताळला गावी जायलाही कोणाची परवानगी लागू लागली, तर गाडी रुळावरून घसरली आहे. दशांश अनेक चर्चमध्ये असतो, पण घरून आलेल्या ६,००० मधले ६०० देऊन मेसचं बिल थकत असेल तर ते दान नव्हे. प्रत्येकावर एक ‘शिष्य करणारा’ नेमून मैत्री, लग्न, पैसा यांत त्याचा सल्ला बंधनकारक करायचा, ही पद्धत १९७९ मध्ये बोस्टनजवळ सुरू झालेल्या चळवळीने जगभर नेली. २००३ मध्ये तिच्याच एका नेत्याने खुलं पत्र लिहून या पद्धतीवर कडक टीका केली. त्यानंतर तिथली पकड बरीच सैलावली. गट बदलतात, म्हणून नावावर शिक्का मारण्याआधी आजचं वागणं बघा.

आईवडिलांची चूक बहुतेकदा एकच होते: रागावून फोनवर आरडाओरडा, पैसे बंद. गटाने ‘घरचे विरोध करतील’ हे आधीच सांगून ठेवलेलं असतं, बायबलमधलं मत्तय १०:३६ (‘माणसाच्या घरचेच त्याचे वैरी होतील’) दाखवून. म्हणजे बाबा ओरडले की भाकीत खरं ठरतं आणि मूल आणखी आत जातं. रोज पाच मिनिटं फोन करा. पावसाचं बोला, बाजारात कुठली मासळी आली ते सांगा. मग कधीतरी एकच प्रश्न टाका, ‘तिथे शंका विचारली तर काय होतं रे?’ आणि उत्तर त्याचं त्याला शोधू द्या. गावातली माणसं गोळा करून कॉलेजवर जाणं तर मुळीच नको. अशाने बाजूचं निरपराध प्रार्थना मंडळ भरडलं जातं आणि तुमचं मूल हातचं जातं. धमकी, पैशांची जबरदस्ती किंवा अंगचटी झाली असेल तर मेसेज जपून ठेवा आणि वॉर्डन, प्राचार्य, पोलीस यांच्याकडे लेखी तक्रार द्या.

बाहेर पडताना समोरासमोर ‘शेवटची भेट’ टाळा. तीन-चार जण बसवून रात्री उशिरापर्यंत समजूत घालतात. ‘मी हा अभ्यास सोडतोय, कृपया संपर्क करू नका’ एवढा एक मेसेज पुरे. त्यानंतर झोप उडते, देवाला दुखावल्याची भीती वाटते. पॅरिशच्या फादरशी किंवा पास्टरशी बोला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. सगळ्यांत अवघड जातात ते रविवार, कारण सगळे मित्र एकाच दिवशी सुटलेले असतात. म्हणून घरच्यांनी पहिल्या महिन्यात गावी यायला तुतारी एक्सप्रेसची दोन तिकिटं आधीच काढून पाठवावीत.