कार्ड तेच, ड्रायव्हर वेगळा

रात्रीचा बॅकअप सुरू झाला की थोड्या वेळाने सर्व्हरचे नेटवर्क बंद पडते, ही तक्रार माझ्याकडे आली तेव्हा केबल बदलून झाली होती, स्विचवरचा पोर्ट बदलून झाला होता आणि आता नेटवर्क कार्डच बदलावे, असे ठरत आले होते. सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि त्याच्याकडे फाइली पाठवणारी यंत्रे लिनक्सची होती. दिवसभर पिंग, म्हणजे यंत्र उत्तर देते का हे पाहणारी छोटी चाचणी, बिनतक्रार चालत असे, पोर्टवरचा दिवाही लागलेला असे. मोठ्या फाइलींचा ओघ सुरू झाला की मात्र सगळे ठप्प होई. आणखी काही बदलण्याआधी कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, काय नोंदवले आहे ते वाचू या, असा आग्रह मी धरला.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, ‘वॉचडॉग टाइमआउट’ (पहारेकऱ्याची मुदत संपली) ही ओळ आणि तिच्या पाठोपाठ लिंक गेल्याची व परत आल्याची नोंद, असा क्रम पुन्हा पुन्हा दिसत होता. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कर्नलमधला कोड, पाठवायची पॅकेट मेमरीतल्या एका रांगेत मांडतो आणि ती पाठवल्याची पोच कार्डाकडून येण्याची वाट पाहतो. या कार्डासाठीच्या फ्रीबीएसडीच्या ‘आरई’ ड्रायव्हरमध्ये ही मुदत ५ सेकंदांची आहे. ती उलटली की कार्ड अडकले असे मानून तो ते रीसेट करतो. म्हणजे लिंक तुटल्यामुळे पॅकेट अडकत नव्हती, तर पॅकेट अडकल्यावर होणाऱ्या रीसेटमुळे लिंक तुटत होती. केबल बदलूनही गुण का आला नाही, ते या क्रमावरून उलगडले.

यंत्राला जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या पीसीआयकॉन्फने कार्डाचा क्रमांक ८१६८ असा सांगितला. पण त्यावर विसंबता येत नाही, कारण याच क्रमांकाखाली वेगवेगळ्या घडणीच्या अनेक चिप आलेल्या आहेत. खरी ओळख चिपमधल्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे छोट्या नोंदकप्प्यात, असते. फ्रीबीएसडीने बूट होताना ती ५४ ने सुरू होणाऱ्या लांब संख्येत छापली होती; त्याच यंत्रावर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केल्यावर तिथल्या ‘आर ८१६९’ ड्रायव्हरने तेच रजिस्टर वाचून ५४१ हा आकडा दाखवला. दोन्हींचा अर्थ एकच: चिप ८१६८ एच आहे.

केबल तीच, पोर्ट तोच ठेवून लिनक्सवर आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने दोन्ही दिशांनी बराच वेळ भार टाकला. नेटवर्क अडले नाही, आणि कार्डाची माहिती देणाऱ्या इथटूलच्या आकडेवारीतही एकही त्रुटी आढळली नाही. यावरून चिप निर्दोष आहे असे म्हणणे मला घाईचे वाटले. लिनक्सच्या त्या ड्रायव्हरमध्ये चिपच्या प्रत्येक आवृत्तीसाठी सुरुवातीची मांडणी वेगळी लिहिलेली असते, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या वीजबचतीतल्या अडचणींवरचे उपायही त्यात असतात. त्यामुळे चिपमध्ये खोट असली तरी ती तिथे झाकली जाऊ शकते. मात्र हीच चिप असलेले नवे कार्ड घेऊन उपयोग नाही, एवढे नक्की झाले. ओपनबीएसडी या फ्रीबीएसडीच्या भावंड सिस्टिमवरही अल्पकाळ चाचणी घेतली. तिथला ‘आरई’ ड्रायव्हर मूळचा फ्रीबीएसडीचाच, पण आता पुष्कळ वेगळा झालेला, म्हणून तिथल्या यशाला मी फारसे वजन दिले नाही.

परत फ्रीबीएसडीवर येऊन एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. टीएसओ, म्हणजे मोठा डेटा पॅकेटांत तोडण्याचे काम कार्डाकडे सोपवणे, या ड्रायव्हरमध्ये मुळातच बंद असते, त्यामुळे तो संशय उरला नाही. बूट होताना कर्नल चढवणाऱ्या लोडरच्या फाइलीतून एमएसआय व एमएसआय-एक्स इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला इशारा देण्याच्या पद्धती) बंद केले, तरी नेटवर्क अडतच राहिले. याच सुमारास सहकाऱ्याने पॅकेट पकडून दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटचे चेकसम (मजकूर तपासण्याची बेरीज) चुकीचे असल्याचे दाखवले आणि दोष सापडला असे त्याला वाटले. पण चेकसम भरण्याचे काम कार्डाकडे सोपवलेले असेल, तर टीसीपीडंपला पॅकेट दिसते ते चेकसम भरण्याआधीच. घेणाऱ्या यंत्रावर तीच पॅकेट पकडली, तेव्हा सगळे चेकसम बरोबर निघाले.

शेवटी ‘पोर्ट्स’ या फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहातला, चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ कोडवर आधारलेला ड्रायव्हर बसवला. जुना ड्रायव्हर जेनेरिक, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार कर्नलमध्ये अंगभूत असल्याने नवा मॉड्यूल (वेगळ्या फाइलीतला ड्रायव्हर) बूट होतानाच लोडरकडून चढवावा लागतो. त्यासाठी लोडरच्या फाइलीत दोन ओळी लागतात: एक मॉड्यूल चढवण्याची, दुसरी त्याच्या पूर्ण पत्त्याची. पत्ता दिला नाही, तर कर्नलच्या डिरेक्टरीतला त्याच नावाचा जुना मॉड्यूल उचलला जातो, आणि वरवर पाहता सगळे ठीक वाटते. म्हणून बूट झाल्यावर नव्या ड्रायव्हरने छापलेली स्वतःची आवृत्ती डीमेसेजमध्ये पाहिली आणि मगच पूर्ण भाराची चाचणी लावली.

त्या रात्रीचा बॅकअप न अडता पूर्ण झाला आणि वॉचडॉगची ओळ लॉगमध्ये पुन्हा आली नाही. फ्रीबीएसडीची मुख्य आवृत्ती बदलली की हा मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. नाहीतर दुरून अपग्रेड करणाऱ्याला यंत्र नेटवर्कवर न सापडण्याचा धोका असतो. ही सूचना मी लोडरच्या फाइलीतच, त्या दोन ओळींच्या वर, टिप्पणी म्हणून लिहून ठेवली.